पोटाचं चाक

"पुढचं बोल," असं ती म्हणाली की समोरच्याने समजावं, आपण जो विषय काढला होता तो तिथेच संपला. म्हणताना ती पदर पोटावरून घट्ट ओढून घ्यायची आणि कमरेला खोचायची. दोन्ही एकाच झटक्यात. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे हळहळ करायला जावं तर आपणच तोंडघशी पडतो. आमच्याकडे ती होती.

मी तिला वहिनी म्हणायचे. मुलुंडला आमची भिंतीला भिंत होती आणि आम्ही दोघी एकाच औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होतो. बाटलीत गोळ्या पडल्या की वर कापूस भरायचा, झाकण लावायचं, बाटली पुढे सरकवायची. तिचा नवरा, ज्याला आम्ही दादा म्हणायचो, भांडुपला एका वर्कशॉपमध्ये टर्नर. ही गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची. पुढे ते दोघं बोरिवलीला राहायला गेले आणि ती वारली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण मला ती आठवते ती मुलुंडच्या त्या खोलीतली, शहाबादी फरशीवर गुडघे टेकलेली.

तिला पहिलं मूल झालं ते गेलेलंच झालं. दिवस पूर्ण भरले होते. इस्पितळातून दोघं टांग्याने परत आली तेव्हा तिच्या मांडीवर कपड्यांची पिशवी होती, बाकी काही नव्हतं. माझ्या आईने डिंकाचे लाडू आधीच वळून ठेवले होते. ते आता द्यावेत की नाही यावर आमच्या घरात बराच खल झाला. दिले तर तिला आठवण होईल, असं ठरलं. मग ते आम्हीच खाल्ले. लाडू चांगले झाले होते.

विषय काढायचा नाही, हे बिल्डिंगमध्ये कोणी कोणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. मालिशवाल्या बाईला येऊ नको म्हणून निरोप गेला. पाळणा ज्यांच्याकडून आणला होता, ते गुपचूप येऊन घेऊन गेले. महिन्याभराने वहिनी कामावर आली, स्टुलावर बसली आणि कापूस भरायला लागली. हात पूर्वीसारखेच चालत होते. आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं.

फक्त पोट गेलं नव्हतं. बाईचं पोट बाळंतपणानंतर लगेच उतरत नाही हे काय सांगायला हवं? पण बाळ मांडीवर असलं की पोटाकडे बघतो कोण? तिच्या मांडीवर काही नव्हतं, म्हणून जो तो पोटाकडे बघायचा.

बसच्या रांगेत लोक तिला पुढे घ्यायचे. कारखान्यातल्या नव्या सुपरवायझरने तिला मोठ्या मनाने पाठीची खुर्ची दिली. दारावर कोळीण यायची, ती टोपली उतरवताना विचारायची, "काय गो बाय, कितवा हाय?"

वहिनी म्हणायची, "बांगडे ताजे आहेत का?"

"ताजे म्हंजे? आताच आनलेत. ह्यो एक वरती घे, पोटातल्याला."

वहिनी तो वरचा बांगडा घ्यायची, साफ करायची आणि बाकीच्यांबरोबर कालवणात टाकायची.

मी एकदा न राहवून म्हटलं, "सांगून का टाकत नाहीस तिला?"

"काय सांगू? मग ती च्च च्च करणार. टोपली बाजूला ठेवून बसणार. तिच्या भाचीचं काय झालं ते सांगणार. त्यापेक्षा पोट गेलेलं बरं. पोट गेलं की कोणी विचारणार नाही." आणि पदर खोचून, "पुढचं बोल."

तेवढंच तिला हवं होतं. कोणी विचारू नये.

पावसाळ्यात तळमजल्यावर एक मालवणी काकू राहायला आल्या. मुलाला इथे नोकरी लागली म्हणून गावचं घर बंद करून आलेल्या. झालेलं त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि आम्ही तर त्या विषयाला कुलूप घालून बसलेलो. श्रावणातल्या शुक्रवारी त्यांनी वहिनीला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. सोबत मलाही. जेवणं झाली आणि काकूंनी दार लोटून घेतलं, पाट मांडला, वहिनीला त्यावर बसवलं आणि हळदकुंकू लावून तिची ओटी भरायला घेतली. हिरवा खण, तांदूळ, नारळ, केळी, सुपारी.

"कोणाक सांगा नको हां," त्या कुजबुजल्या. "चोरओटी आसा. तुझी सासू गावाक, आवस नाय. मगे भरतला कोण?"

पोट पुरतं दिसायला लागण्याआधी घरातल्या मोठ्या बाईने गुपचूप भरायची ती चोरओटी. वहिनीला आई नव्हती, सासू गावी, म्हणून काकूंनी परक्या पोरीला आपली समजून भरली होती. मी तोंड उघडलं, पण वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसले. ती पदर पसरून बसली होती. काकू ओंजळी घालत होत्या आणि ती त्या घेत होती, दुकानात पुडकं घ्यावं तशी. मग वाकून तिने काकूंना नमस्कारसुद्धा केला.

जिना चढताना ती मला म्हणाली, "नारळाचं काय करायचं गं?"

मी म्हटलं, "वड्या कर."

तिने वड्या केल्या. संध्याकाळी दादा आला, त्याने हिरवा खण बघितला. आमची मधली भिंत पातळ, सगळं ऐकू यायचं. "हे काय?" त्याने विचारलं. "चोरओटी," ती म्हणाली आणि कोणी, कशी, ते सांगितलं. माझी आई म्हणाली, "रेडिओ लाव गं." मी लावला.

पुढच्या आठवड्यात दादाने चाक आणलं.

शेंगदाण्याच्या पुडीला आलेल्या कुठल्याशा इंग्रजी मासिकाच्या पानावर त्याने ते चित्र बघितलं होतं. एक गोरी बाई गुडघ्यावर बसून हातातलं चाक जमिनीवर पुढे ढकलतेय, आणि तिला पोट म्हणून नाहीच. दादाने वर्कशॉपमधल्या मोडक्या ढकलगाडीचं रबरी चाक काढलं, लेथवर सळई तासून आरपार घातली आणि दोन्ही टोकांना सायकलच्या मुठी चढवल्या. बोलण्यात हा माणूस कच्चा, पण हाताला तोड नव्हती.

पहिल्या दिवशी त्यानेच करून दाखवलं. गुडघे टेकले, चाक धरलं, पुढे गेला आणि गेला तो गेलाच. नाक फरशीवर, हात मोरीपाशी, वाटेतला तांब्या आडवा. आम्ही बघायला जमलेल्या सगळ्याजणी खो खो हसलो. नाक चोळत तो म्हणाला, "जाताना सोपं आहे. परत येतानाच पोटाला काम आहे."

मग बिल्डिंगमधल्या बायकांनी एकेक करून चाक धरून बघितलं. एक जण अर्ध्यात अडकली, तिला दोघींनी काखेत धरून मागे ओढली. तेव्हापासून त्याचं नाव पोटाचं चाक. वहिनी सगळ्यात शेवटी खाली बसली. पुढे गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. चेहऱ्यावर काही नाही. हळूहळू हसणं थांबलं आणि बायका एकेक करून पोळ्या टाकायच्या आहेत म्हणून निघून गेल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी पलीकडून घरघर यायची. फरशीचा सांधा आला की टक्. माझे वडील पहिल्यांदा म्हणाले, "आजकाल जात्यावर दळतंय कोण?" नंतर त्यांना सवय झाली.

चाकाने जाईना म्हणून दादाने फळी आणली. पॅकिंगच्या खोक्याची जाड फळी तासून गुळगुळीत केलेली. तिचं एक टोक खाटेवर, एक जमिनीवर. वरच्या टोकाला पाय अडकवायला जुन्या सुटकेसचा पट्टा ठोकलेला. डोकं खाली करून झोपायचं आणि पोटाच्या जोरावर उठायचं. पट्टा सैल व्हायचा, म्हणून मी तिचे पाय धरायला जायचे.

"दुखतं का गं?" मी एकदा विचारलं.

"नाही."

"जरासुद्धा?"

ती उठली, परत खाली गेली. खालूनच म्हणाली, "काहीच होत नाही. दुसऱ्या कोणाचं पोट असल्यासारखं. डॉक्टर टाके घालायच्या आधी बधिर करतात ना, तसं. फक्त टाके घालायला कोणी येतच नाही."

मी तिचे पाय धरून बसले. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. तिच्याजवळ बसून बसून मलाही तसंच झालं होतं, आणि खरं सांगायचं तर ते बरं वाटायचं.

दिवाळीपर्यंत पोट गेलं. चोळ्या सैल झाल्या. बसच्या रांगेत तिला आता कोणी पुढे घेत नव्हतं. सुपरवायझरने खुर्ची कधी परत नेली ते कळलंही नाही. कोळिणीने एके दिवशी बघितलं, पुन्हा बघितलं आणि नजर टोपलीत वळवली. त्या दिवशी वरचा बांगडा पडला नाही. वहिनीला हवं होतं ते मिळालं. कोणी विचारत नव्हतं.

तळमजल्यावरच्या काकूंकडे मात्र आमचं लक्ष गेलं नव्हतं. पोट मोठं व्हायची त्या वाट बघत होत्या आणि डोळ्यांदेखत ते लहान होत चाललं होतं. त्यांनी वर येणं बंद केलं. जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे सरकायच्या. आम्हाला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं असेल.

एका रविवारी दुपारी वहिनी फळीवर होती आणि मी पाय धरून बसले होते. दादा बाजारात गेला होता. दारात काकू येऊन उभ्या राहिल्या, धापा टाकत, आणि एकदम मोठ्याने रडायला लागल्या.

"माझ्या हातान झाला गो चेडवा! मी मेली कोण तुझी ओटी भरणारी? माझ्याच हातान तुझा पोट गेला!"

वहिनी फळीवरून उठून बसली. म्हणाली, "काकू, तुमच्यामुळे काही झालेलं नाही."

"माका समजावू नको. म्हयनोभर झोप नाय माका."

"अहो, खरंच नाही."

"मगे कशान गेला? सांग बघू, कशान गेला?"

वहिनीचा हात पदराकडे गेला. आता ती पदर खोचणार आणि विषय संपणार, असं मला वाटलं. पण म्हातारी तिच्यापुढे जमिनीवर बसली होती आणि खरं सांगितल्याशिवाय ती उठणार नव्हती.

"तुम्ही यायच्या आधीच झालं होतं ते," वहिनी म्हणाली. "शिमग्याच्या सुमाराला. इस्पितळात. दिवस भरले होते. मुलगी होती. रडलीच नाही. केस होते डोकंभर. नर्सने दाखवली, मग घेऊन गेली. तुमच्या ओटीच्या वेळी पोटात कोणीच नव्हतं, काकू."

डोकंभर केस होते हे मला माहीत नव्हतं. बिल्डिंगमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही फार शहाण्यासारखे गप्प राहिलो होतो.

काकूंचं रडं थांबलं. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि वेगळ्याच आवाजात, हिशेब घ्यावा तसं विचारलं, "मगे तेल कोणी लावल्यान तुका?"

"कोणी नाही."

"शेक?"

"नाही."

"पोट कोणी बांधल्यान?"

वहिनीने नुसती मान हलवली. आमच्याकडे बाळंतिणीला तेल लावून, शेक देऊन, जुन्या मऊ लुगड्याने तिचं पोट घट्ट बांधतात. घरातली किंवा शेजारची मोठी बाई बांधते. त्याने पोट आत जातं म्हणतात.

काकू उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत जिना उतरल्या आणि तशाच परत आल्या. एका हातात कोमट तेलाची वाटी, दुसऱ्या हातात फिकं पडलेलं लुगडं. खाटेवरची फळी त्यांनी ओढून भिंतीला उभी केली आणि वहिनीला म्हणाल्या, "निज."

"काकू, पोट गेलं आता. मीच घालवलं."

"गेला तर जाऊंदे. तू बाळंतीण झाल्लंस मा? मगे निज."

"आता फार उशीर झाला."

"उशीर झालो तर झालो."

वहिनी खाटेवर आडवी झाली. काकूंनी तिच्या पोटाला तेल लावलं, सावकाश, खालून वर. मग मला लुगड्याचं एक टोक धरायला दिलं आणि गुंडाळायला लागल्या. "ओढ," म्हणाल्या. मी ओढलं. "जोरान ओढ गो." मी जोरात ओढलं तशी वहिनीच्या तोंडून आवाज निघाला. "दुखलं," ती म्हणाली. ती रडत नव्हती, पण डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. काकूंनी शेवटची गाठ मारली, तिच्या कपाळावरून तेलकट हात फिरवला आणि उशाशी बसून राहिल्या. जरा वेळाने तिला झोप लागली. इतके महिने भिंतीपलीकडे राहून मी तिला दुपारची झोपलेली कधी बघितली नव्हती.

दादा पिशवी घेऊन आला. खोलीत तेलाचा वास, उशाशी म्हातारी, बायकोच्या पोटाला लुगडं. काकूंनी तोंडावर बोट ठेवलं. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काय झालं?"

मी म्हटलं, "बाळंतीण झोपलीय."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला, पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसला आणि जिन्यातून वर येणाऱ्या पोरांना हातानेच सांगायला लागला, आवाज करू नका.