एकाच बैठकीत बसवलेले केस

घाटकोपरच्या केस लावणाऱ्या डॉक्टरने मला फसवलं. घासाघीस मीच केली होती, असं तो अजून लोकांना सांगतो. केली होती. विक्रोळीच्या कारखान्यांचं भंगार उचलून मी वर आलो. घासाघीस न करता मी मेथीची जुडीही घेत नाही. दोन बैठका लागतील, असं तो म्हणाला. मी म्हटलं, धंदा दोनदा बंद ठेवणार नाही, सगळं एकदाच बसवा. तो हसला. "बसवू की, शेठ."

ऐंशीच्या दशकात केस एकेक करून लावत नसत. पेन्सिलीएवढ्या जाड, धारदार पोकळ नळीने त्याने मानेवरच्या केसांचे कातडीसकट तुकडे उपटले आणि टकलाला भोकं पाडून त्यांत दाबले. भूल उतरली तेव्हा उशी रक्ताने डोक्याला चिकटली होती.

चार महिन्यांनी केस आले. सोबत गाठी आल्या, वाटाण्याएवढ्या, टणक. घामोळं आहे, हात लावू नका, डॉक्टर म्हणाला.

मग वडील गेले. आमच्यात दहाव्याला मुलाला डोकं भादरावंच लागतं. न्हाव्याने डोक्यावरून बोटं फिरवली आणि वस्तरा खाली ठेवला. "इथं नाय चालायचा." मी त्याच्यावर खेकसलो, बापासाठी बसलोय, चालव. तिसऱ्या ओढीला मोठी गाठ फाटली. आधी रक्त, मग घाण वासाचा पांढरा लगदा, आणि त्यात गुंडाळी झालेले माझेच केस. भाऊबंद पिंड सोडून माझ्या डोक्याकडे बघत राहिले.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पाच गाठी कापून काढल्या. घाईत तुकडे खोल गेलेत, म्हणाल्या, काही भोकांत तर एकावर एक दोन. खाली गाडलेला तुकडा आतल्या आत कातडी आणि केस वाढवत राहतो.

टाके ओले असतानाच मी घाटकोपर गाठलं. त्याची कॉलर धरून तोंड भिंतीवर आपटलं, खुर्ची घालून आरसा फोडला. ओठावरचं रक्त पुसत तो म्हणाला, "एका बैठकीचा हट्ट तुमचाच होता ना?"

होता. गिऱ्हाईक मागतंच. डोक्यात किती भोकं मावतात हे त्याला ठाऊक होतं, मला नाही. मग त्याने नाही का म्हटलं नाही? दहाव्याला जमलेल्या माझ्या प्रत्येक भाऊबंदासमोर उभं राहून त्याने याचं उत्तर द्यावं.