मोटारी सुरू झाल्यावरचा सूर

१९८९ च्या एप्रिलमध्ये, बोरीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात, सायंकाळी सातनंतर काही मिनिटांनी माझी आक्का बेसूर झाली. मंडप भरलेला होता.

आक्काच्या गायन पार्टीचा पेटीवाला आठ दिवस आधी पाथरीच्या पार्टीत गेला होता. मुख्य गायिका म्हणून तिची ही पहिलीच सुपारी. जयंती समितीने स्पष्ट सांगितले होते, जमले तर पुढच्या वर्षीही तुम्ही, नाहीतर पाथरीवाले.

दाजी, म्हणजे आक्काचे पती, पूर्णेत इलेक्ट्रॉनिक्सचे क्लास चालवत. पेटीवाला लागतोच कशाला, असे त्यांचे मत. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा सिंथेसायझर त्यांनी आणला आणि तो वाजवायला क्लासमधला, एकाच हिरव्या पाटीवर मावणारा संगणक. त्याला पडदा नव्हता. थोडी बटणे आणि सहा लाल आकडे. दाजी प्रत्येक सुराचा आकडा भरत, संगणक त्या आकड्याएवढे व्होल्टेज बाहेर देई, सिंथेसायझर तो सूर धरी. एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर.

आकडे बरोबर होते. व्होल्टेज मात्र मंडपाच्या विजेवर अवलंबून होते. सातला शेतीची लाइन आली. शेतकरी पाण्याच्या मोटारींना ऑटो स्विच लावून घरी गेलेले, त्यामुळे शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या. मंडपातले बल्ब लाल पडले. खालचे सूर थोडे उतरले, वरचे जास्त. चाल आखडली.

"बाई लय खाली चाललीय," पुढे बसलेला म्हातारा म्हणाला.

"बाई न्हाई बाबा, डबा उतरायलाय," ढोलकीवाला म्हणाला.

आक्का थांबली. माईकवरून नवऱ्याला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती.

"यंत्रवाले, तुमचं यंत्र उसाला पाणी द्यायला गेलंय का?"

मंडप हसला. समितीचे अध्यक्ष हसले नाहीत. मंडपाच्या कडेला ट्रॅक्टरवर बसून एक बागायतदार गाणी ऐकत होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्यांचे आणि अध्यक्षांचे वर्षभर बोलणे नव्हते. अध्यक्ष त्यांच्याकडे गेले.

"तासभर मोटारी बंद ठेवता का?"

"ऊस वाळायलाय. मोटार बंद व्हायची न्हाई. पायजे तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून न्या."

बॅटरी आली. ती जोडायला दाजींनी संगणक बंद केला. बंद केला की तो सगळे विसरे. दाजी चष्मा लावून पहिल्यापासून आकडे भरू लागले.

"किती येळ?" आक्काने विचारले.

"अर्धा तास."

"बसा मग भरत."

तिने ढोलकीवाल्याला खूण केली आणि नुसत्या ढोलकीवर चार गाणी म्हटली. चौथे लोकांनी परत मागितले. नंतर यंत्रावर दोन गाणी झाली. ती सुरात होती.

साडेनऊला कार्यक्रम संपला. पुढच्या वर्षाची सुपारी अध्यक्षांनी मंडपातच आक्काला दिली. यंत्र न आणण्याची अट तोंडी होती.