आजारी खोलीची खिडकी

प्राणिसंग्रहालयात त्याला सगळे घुम्या म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. चिंपांझींची देखभाल करण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. सकाळी कड्या तपासायच्या, पेंढा बदलायचा, फळं चिरायची, फरशी धुवायची. एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि ओढून बघितल्याशिवाय दार लागलं असं मानायचं नाही. ही सवय अंगात इतकी मुरली होती की घरी न्हाणीघराचं दारसुद्धा तो ओढून बघायचा. मुलगी म्हणायची, "बाबा, आत कुणी नाहीये." तो म्हणायचा, "हं."

बापलेकीचं बोलणं एवढंच. गॅस संपलाय, नळ गळतोय, उद्या उशीर होईल. भांडण म्हणाल तर कधी नाही. एकाच छपराखाली दोन सभ्य भाडेकरू राहावेत तशी ती दोघं राहत होती.

आता चिंपांझींची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आत्याबाई सगळ्यांत म्हातारी. कुणाच्या वाट्याला काय आलं यावर तिची बारीक नजर, आणि कुठे खट्ट झालं की ही मध्ये हजर. मुकादम हा दांडगा नर. स्वतः काडी हलवायचा नाही, नुसता गुरगुरायचा. आणि एक पोरकं पिल्लू, आत्याबाईनं वाढवलेलं. आता चांगलं घोडं झालं होतं, तरी तिची पाठ सोडत नव्हतं, म्हणून त्याचं नाव शेपूट. चिंपांझीला शेपूट नसतं, मग हे कसलं नाव, असं प्रत्येक शहाणा पाहुणा विचारायचा, आणि त्याला उत्तर देता देता फाटकावरचा माणूस कावून जायचा.

जुन्या पिंजऱ्यात मुकादमाची एक जोडीदारीण होती. ती आजारी पडली, तेव्हा तिला झोपेचं औषध देऊन मागच्या दारानं दवाखान्यात नेलं. ती परत आलीच नाही. मुकादमाला हे कोण सांगणार? मागच्या दाराची कडी वाजली की तो धावत यायचा, फटीला डोळा लावायचा, आणि घुम्या एकटाच दिसला की जमिनीवर हात आपटून किंचाळायचा. ऋतू बदलला तरी त्याचं तेच चालू होतं.

घुम्याला हे बघवायचं नाही, कारण हे त्यानं आधी घरात पाहिलं होतं.

बायको गेली तेव्हा मुलगी चौथीत होती. तो हॉस्पिटलात होता, मेहुणीचा तिच्या घरून फोन आला, पोरीला घेऊन येऊ का? तो म्हणाला, "नको. घाबरेल." सगळ्यांनी मान डोलावली. बापानं शहाणपणा केला म्हणाले. मुलगी मावशीच्या घरी चित्रं रंगवत बसली, आणि तिला घरी आणलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. आई गेली, एवढंच तिला सांगितलं. "कुठे?" असं तिनं विचारलं, तर मावशीनं तिला जेवायला बसवलं. पुढे कितीतरी दिवस घंटी वाजली की ती पळत दाराशी जायची. दूधवाला दिसला की परत यायची. पुढे तेही थांबलं, आणि ती शहाण्या मुलीसारखी वागायला लागली. शहाण्या मुली मला बघवत नाहीत, पण ते असो.

मोठी झाल्यावर ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. तिनंच एकदा जेवताना सांगितलं, की बधिर करायची सुई दिल्यावर माणसं आपलाच गाल चाचपून बघतात, आहे ना जागेवर म्हणून. तो म्हणाला, "हं." पण ते त्याच्या मनात राहिलं. त्याचं सगळंच तसं झालं होतं. जेवत होता, झोपत होता, पगार आणत होता, आणि यातलं काहीच आपलं वाटत नव्हतं.

अशात नवं आवार बांधायचं ठरलं. मोठ्या साहेबांच्या खोलीत टेबलावर थर्माकोलचा नमुना मांडला होता. गवताची टेकडी, सिमेंटचं झाड, भोवती पाण्याचा चर, पाहुण्यांसाठी जाड काच, आणि मागे रात्रीच्या खोल्या. नकाशे काढणाऱ्या बाई तरुण होत्या, कामाच्या होत्या, आणि प्रत्येक गोष्ट बोट ठेवून समजावत होत्या. शेवटी एक छोटी खोली आली. ती आजाऱ्याची. चारी बाजूंनी भिंत, उजेड वरून.

"हिला खिडकी नाही का?" घुम्यानं विचारलं.

सगळे वळून बघायला लागले. भिंत बोलली असती तरी एवढं नवल वाटलं नसतं.

"उजेड भरपूर येईल काका," बाई म्हणाल्या.

"उजेडासाठी नाही. बाकीच्यांना आतलं दिसायला. जाळी लावली तरी चालेल."

प्राण्यांच्या डॉक्टरांनी लगेच नकारार्थी मान हलवली. "जाळीतून खोकला सगळ्यांना लागेल. एकाचं दुखणं चौघांना."

त्यांचं खरंच होतं. घुम्यालाही ते कळत होतं. "नाहीतर ती शोधत बसतात," एवढंच तो म्हणाला. साहेब घड्याळ बघायला लागले. बाईंनी मात्र वहीत काहीतरी लिहिलं, आणि पुढच्या खेपेला नमुन्यातल्या त्या भिंतीत एक काच दिसली. हवा जाणार नाही अशी जाड, आणि तिच्यावर लोखंडी झडप. झडपेचा दांडा देखभाल करणाऱ्यांच्या बोळात. "कधी उघडायची ते तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या.

आवार झालं. फीत कापली, फोटो निघाले. मुकादम झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसला आणि तिथूनच हुकूम सोडायला लागला. आत्याबाईनं गवतावर एक पाय ठेवला, उचलला, आणि दोन दिवस उंबऱ्यातूनच सगळ्यांवर देखरेख केली. शेपूट अर्थात तिच्या मागे बसून होतं.

थंडीत आत्याबाईला खोकला झाला. छाती भरली. तिला आजारी खोलीत हलवलं, आणि बाकीचे काचेवर थापा मारून तिला झोपू देत नाहीत म्हणून डॉक्टरांनी झडप बंद ठेवायला सांगितली. घुम्या तिला चमच्यानं औषध पाजायचा. ती त्याचा अंगठा धरून ठेवायची, सोडवला की पुन्हा धरायची. एका सकाळी तो आला तेव्हा ती पेंढ्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाक मारली, हलली नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि कानातली नळी गळ्यात टाकली.

"तिला न्यायची गाडी मागच्या दाराशी लागलीय," ते म्हणाले. "पण थांबेल ती. झडप उघडताय ना? तुम्हीच तर मागून घेतली होती."

घुम्यानं दांडा धरला. काचेपलीकडे शेपूट बसल्याचं त्याला आवाजावरून कळत होतं. ते रोज तिथेच बसायचं. दांडा जड नव्हता, तेल त्यानं स्वतः दिलं होतं. पण हात काही वर जाईना.

"राहू द्या," तो म्हणाला. "घाबरतील."

बोलला, आणि आपलाच शब्द त्याच्या कानावर आदळला. हाच शब्द. त्या दिवशी फोनवर हाच होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी लागलं त्याला, आणि ते भयंकर लागलं. घुम्यानं आत जाऊन आत्याबाईला काचेकडे वळवलं, तिच्या तोंडाला लागलेला पेंढा काढला, बाहेर आला, दार ओढून बघितलं, आणि दांडा वर केला.

मुकादम आला. त्यानं काचेवर एक थाप मारली, वाट पाहिली, पुन्हा मारली नाही. शेपूट काचेला कपाळ टेकून बसलं. किंचाळलं वगैरे नाही. मधूनमधून बोटाच्या पेरानं काच वाजवायचं आणि थांबायचं. दुपारी फळं आली तरी उठलं नाही. उन्हं उतरायला लागली तेव्हा ते आपणहून उठलं, टेकडीवर गेलं, आणि मुकादमाच्या शेजारी जाऊन बसलं. मग गाडी निघाली. मागच्या दाराची कडी वाजली. धावत कुणी आलं नाही.

त्या संध्याकाळी घुम्यानं घरी जेवताना आपणहून तोंड उघडलं. आत्याबाई गेली, म्हणाला. बाकीच्यांना ती दिसावी म्हणून खिडकी उघडली, म्हणाला. मुलीनं घास हातातच ठेवला.

"घाबरले का ते?"

"नाही," तो म्हणाला. "मीच घाबरलो होतो."

तिनं घास ताटात ठेवला. "तेव्हाही?"

"तेव्हाही. नाव तुझं सांगितलं."

ती उठून नळ बंद करून आली, तो थेंब थेंब गळत होता. परत बसली आणि ताटाकडे बघत म्हणाली, "आई कशी दिसत होती?"

इतक्या वर्षांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. तो घोटभर पाणी प्याला.

"नर्सनं भांग भलत्याच बाजूला पाडला होता," तो म्हणाला. "मी बोटांनी नीट केला. तुझ्यासारखाच होता, डावीकडून. गालावर उशीची घडी उठली होती. झोपेतून उठल्यावर उठते ना, तशी."

त्याला रडू आलं नाही. तिलाही नाही. तिनं दोघांच्या ताटांवर झाकण ठेवलं, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि म्हणाली, "अंगावर काय होतं?"

"निळी चादर," तो म्हणाला, आणि पुढचं आठवायला लागला.