गेटच्या अ‍ॅपला फौजेतल्या पोराचा ठावठिकाणा कशाला?

मित्रहो, साताऱ्यातील आमच्या इमारतीत आज गेटसाठी नवे अ‍ॅप आले. पाहुणा आला की फोन वाजतो! प्रत्येकाला ते समजावून देण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेतले.

तळमजल्यावरील निवृत्त सुभेदारकाकांच्या फोनवर अ‍ॅपने सर्व नंबर वाचण्याची परवानगी मागितली. काकांचे बोट ‘अलाऊ’वर पोहोचलेच होते.

“काका, थांबा! गेट उघडायला तुमचे नंबर कशाला हवेत?”

“आरं दे की गड्या. काय सोनं हाय का त्यात?”

मी त्यांच्याच फोनमधले नंबर दाखवले. फौजी घरांतली नंबर साठवायची आपली सवय ठाऊक आहे ना? मुलाच्या नावापुढे पलटण, त्यापुढे सध्याच्या नेमणुकीचे ठिकाण. जावई आणि पुतण्याचेही तसेच.

काकांनी बोट मागे घेतले. मग म्हणाले, “सूनबाईनं सकाळीच समद्याला हो म्हटलंय. तिच्या फोनातबी असंच हाय रं.”

तिच्या फोनवरची परवानगी आम्ही तत्काळ काढली. परंतु परवानगी काढल्याने पुढचे वाचन थांबते. आधी गेलेली माहिती परत येत नाही. हेही मी काकांना सांगितले.

काका आता मुलाला फोन लावत आहेत. तो उचलत नाही.

तुम्ही ‘अलाऊ’ दाबता, तेव्हा कोणाकोणाच्या वतीने दाबता?