झुंबरबाईंचे अळू आणि तीन पालथे गृहस्थ

लोणावळ्याच्या स्टेशनामागे झुंबरबाईंची खानावळ होती. तिला पाटी नव्हती. "पाटी लावली की वाचणारे येत्यात, जेवणारे येत न्हाईत," असे त्या म्हणत. नवरा रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला होता, तो घाटातल्या तापाने गेला. माहेर वडगावकडचे, शेतकऱ्याचे. भाऊ न्यायला आले, तेव्हा बाईंनी त्यांना पोटभर जेवू घातले आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिले. मागे राहिल्या त्या स्वतः, धाकटी शालू आणि चुलीवरचा तवा.

पुढल्या वर्षी मी नोकरीतून मोकळा होणार आहे. इतकी वर्षे मावळात काढलीत, काय पाहिलेत, असे लोक विचारतात. मी पक्षी पाहिले असे सांगतो, म्हणजे ते पुढे काही विचारीत नाहीत. खरे म्हणजे सांगण्यासारख्या पाहिल्या त्या झुंबरबाई.

त्यांना खोटे बोलता येत नसे. हा गुण आहे असे पुस्तकात म्हणतात. खानावळ चालवणाऱ्या बाईला मात्र तो परवडणारा नव्हे. आमटी बिघडली तर ती वाढण्याआधीच त्या सांगत, "आज आमटी पान्यावानी झालीया. शिव्या द्यायच्या त्या मनात द्या." एकदा रेल्वेच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने पुरणपोळीची फार तारीफ केली. बाई म्हणाल्या, "ती शेजारणीनं केलीया. माजी करपली, ती गाईला घातली." मी त्यांच्याकडे दोन्ही वेळ जेवणारा, कॉमर्स कॉलेजातून निघालेला, एका व्यापारी पेढीच्या वखारीवर हिशेब पाहणारा माणूस. मी त्यांना समजावले की धंद्यात सगळे सांगायचे नसते. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी शिकल्यालं. तुमाला जमतं."

आता माझ्या पक्ष्यांविषयी. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितले होते. नुसते चालायचे आणि परत यायचे हे माझ्यासारख्या शिस्तीच्या माणसाला पटेना. फेरीच्या शेवटी काहीतरी जमेस धरता आले पाहिजे. म्हणून मी पक्षी धरले. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात दुर्बीण घेतली. तिच्या डाव्या काचेवर बुरशी होती, त्यामुळे त्या डोळ्याला बारा महिने धुके दिसे. या दुर्बिणीतून मी वळवणच्या बाजूला एक मोठे घुबड शोधून काढले. ते जराही हलेना. त्याच्या चिकाटीने मी भारावून गेलो, तेवढ्यात मळेवाला आला आणि त्याने घुबड खांबावरून उचलून बांधावर ठेवले. ते मडके होते. नर आणि मादी यांचे रंग निरनिराळे असतात हे मला उशिरा कळले. तोपर्यंत मी प्रत्येक जोडप्यामागे पक्ष्यांच्या दोन जाती शोधून काढल्या होत्या.

या सर्व संशोधनाचे परीक्षक म्हणजे खंडाळ्याचे पेस्तनजी शेठ. त्यांचा तिथे बंगला होता आणि मुंबईच्या विद्वान मंडळींच्या नियतकालिकात त्यांची टिपणे छापून येत. मी काही पाहिले म्हटले की ते प्रेमाने विचारत, "हललं होतं का?"

सन अडतीसच्या मार्गशीर्षात एका सकाळी मी खानावळीच्या परसात चूळ भरत उभा होतो. मोरीचे पाणी जिथे जाई तिथे अळू माजले होते, माणसाच्या कमरेला लागेल असे. त्या पानांखालून कोणीतरी स्वतःशीच पुटपुटल्यासारखे हळू गात होते. मी वाकलो. मातकट रंगाचा, चिमणीपेक्षा थोडा उंच असा एक पक्षी शेपूट वर करून बाहेर आला, माझ्याकडे वळला, आणि मी तोंडातले पाणी गिळले. त्याचा गळा लाल होता. माणकासारखा लाल. उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातून हा पक्षी हिवाळ्यात हिंदुस्थानात उतरतो, पण आपल्या बाजूला तो क्वचितच येतो, हे मी वाचले होते. तो हलतही होता.

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. झुंबरबाई भाकरी थापत होत्या.

"बाई, तुमच्या अळूत फार मोठा पाहुणा आलाय."

"साप?"

"पक्षी! लाल गळ्याचा! ते अळू आता कापू नका."

भाकरी तव्यावर पडली. बाई म्हणाल्या, "भाऊ, रविवारी तळेगावचं पाव्हनं येनार. त्यांच्यासाठीच राखलंय ते अळू."

ही गोष्ट मला ठाऊक होती. सगळ्या खानावळीला ठाऊक होती. शालूचे लग्न तळेगाव दाभाड्याच्या महिपतरावांच्या मुलाशी ठरता ठरता राहिले होते. मुलगा काचेच्या कारखान्यात होता, माणूस सरळ होता आणि शालूलाही तो आवडला होता. पण महिपतराव मुलगी पाहून गेले की म्हणत, "बघू, कळवू." त्याआधी दोन ठिकाणांहून असेच झाले होते. या वेळीही फिसकटले तर मुलीतच काही खोट आहे असे लोक म्हणणार. महिपतराव आता शेवटचे म्हणून जेवायला येणार होते आणि त्यांनी आधीच निरोप धाडला होता की अळूचे फदफदे खाल्ले की आपल्याला घर कळते.

"कापा की, पण रविवारी पेस्तनजी शेठना दाखवल्यावर," मी म्हणालो. "ते पहाटे येतील. पाहुणे दुपारच्या गाडीचे. माझं नाव छापून येईल, बाई."

"छापून आल्यावर काय व्हतं?"

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि त्यांना दया आली असावी. "बरं. पर उनं अंगनात आली की मी कोयता घिऊन येनार. मग पाखरू आसू दे न्हाईतर त्याचा आजा."

रविवारी पेस्तनजी आपल्या मेहुण्याला घेऊन आले. मोरीच्या कडेला गोणपाटे टाकून आम्ही तिघे पालथे पडलो. पेस्तनजींनी आधी मला शपथ घातली होती की कोणालाही सांगायचे नाही. असा पक्षी आल्याची बातमी फुटली की बंदूकवाले येतात आणि पक्ष्यात भुसा भरून नेतात. मी शपथ मनापासून घेतली. माझ्या बातमीच्या मागे कोणी बंदूक घेऊन धावेल ही कल्पनाच सुखाची होती.

पक्षी आला नाही. अळूतून एक बेडूक आला. पेस्तनजींनी विचारले, "हाच का?"

उन्हे अंगणात आली. झुंबरबाई कोयता घेऊन दारात आल्या, मी हात जोडले, त्या आत गेल्या. असे पुन्हा झाले. तिसऱ्यांदा दारात पावले वाजली, तेव्हा मी मान न वळवताच हात जोडले. बाईंचा आवाज आला नाही. वळून पाहिले तर नवे धोतर नेसलेले महिपतराव उभे होते, मागे त्यांच्या पत्नी कस्तुराबाई. ते सकाळच्याच गाडीने आले होते.

उपवर मुलीच्या घरामागे तीन प्रौढ गृहस्थ मोरीत पालथे पडलेले पाहून माणसाने काय समजावे? त्याच वेळी पेस्तनजी, पाठीमागे कोण आहे हे न पाहता, मेहुण्याला आपल्या पारशी मराठीत कुजबुजले, "इथेच आहे. मी सांगते. कोणाला बोलायचा नाय."

महिपतराव माझ्याजवळ उकिडवे बसले. "काय शोधताय, साहेब?"

शपथ आठवून मी म्हणालो, "काही नाही."

माझ्या आयुष्यात मी इतके वाईट "काही नाही" म्हटलेले नाही. महिपतरावांनी एकदा दुर्बिणीकडे पाहिले, एकदा पेस्तनजींच्या सोन्याच्या साखळीकडे, एकदा अळूखालच्या काळ्या मातीकडे. घाटाच्या वाटेवरची जागा. पूर्वीचे लमाण, लष्करे, लुटी सारे इथूनच गेलेले. गुप्तधन कुठे निघत नाही? त्यांच्या डोळ्यांत हळूहळू उजाडले. ते उठले आणि आत जाताना त्यांनी चक्क हाक मारली, "इहीणबाई!"

झुंबरबाईंच्या हातातली पळी खाली पडली. आजवर ते त्यांना नुसते "बाई" म्हणत.

आम्ही उठलो. पेस्तनजी रागाने अंगणभर फुले पडावीत तसे शेलके गुजराती शब्द पाडत पुढच्या ओट्यावर चहा प्यायला गेले आणि मेहुणा त्यांच्या मागे. मी गोणपाटांच्या घड्या घालत मागच्या दाराशी रेंगाळलो, म्हणून पुढचे मला ऐकू आले.

"आता कळवायचं काय ऱ्हायलंय?" महिपतराव म्हणत होते. "सुपारी हाय का घरात? आत्ताच फोडू."

शालू भिंतीआड होती. तिच्या बांगड्या वाजल्या. झुंबरबाईंनी ताट आणले, त्यात सुपारी ठेवली, हळदकुंकू ठेवले. इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी पूर्वी पाहिला नव्हता. महिपतरावांनी अडकित्ता हातात घेतला आणि सहज म्हणाल्यासारखे म्हणाले, "मातर मागची ती अळूची जागा पोरीच्या नावावर करा. मोरीपुरती."

बाई थांबल्या. त्यांनी महिपतरावांकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांना कळले होते. मी डोळ्यांनी, भुवयांनी, मानेने, होते तेवढे सगळे हलवून सांगितले की गप्प बसा. सुपारी फुटू द्या, माती मागाहून ज्याला उकरायची तो उकरेल. मी हिशेबाचा माणूस. भाव चढलेला असताना माल हलका आहे असे सांगायचे, हे मला कोणत्याच कॉलेजने शिकवले नव्हते.

"भाऊ," बाई महिपतरावांना म्हणाल्या, "तितं धन न्हाई. पाखरू हाय."

महिपतराव हसले. "आस्सं. पाखरू."

"व्हय. लाल गळ्याचं. ह्यांना त्येचा नाद हाय."

"इहीणबाई, ज्येच्या घरात घबाड आसतं, तो आसंच म्हनतो. आमी कुनाला सांगनार न्हाई."

"उटा," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"उटा म्हनते ना. चला मागं. पालथं पडा."

"धोतर नवं हाय—"

"धुऊन देईन."

त्या आवाजापुढे मी असतो तर मीही पडलो असतो, आणि मी सकाळभर पडलोच होतो. महिपतराव गोणपाटावर पालथे झाले. कस्तुराबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी दुर्बीण पुढे केली, त्यांनी ती दूर सारली. धन पाहायला काच कशाला?

पेस्तनजी पुढे चहात बिस्कीट बुडवीत होते. अळूची पाने हलली. पानांखालून तो मातकट जीव बाहेर आला, शेपूट उडवली, महिपतरावांच्या नाकासमोर एक किडा उचलला आणि मान वर केली. उन्हात गळा पेटल्यासारखा झाला.

"आरं तिच्या!" महिपतराव ओरडले. "कुंकू लावलंय गळ्याला!"

पक्षी गेला. पेस्तनजी कप घेऊन धावत आले, तोपर्यंत हलणारे एकच पान उरले होते.

महिपतराव उठून आत गेले आणि पाटावर बसले. पोटावर चिखलाचा मोठा पट्टा होता. ताटात सुपारी तशीच होती. ते तिच्याकडे न पाहता म्हणाले, "बरं तर. बघू. कळवू."

झुंबरबाईंनी ताट उचलले. "न्हाई भाऊ. आता कळवायचं न्हाई. व्हय आसंल तर आत्ता, न्हाई आसंल तर आत्ता. मी अळू कापते. जेवून जावा. न्हाई म्हनला तरी वाढनार."

त्या कोयता घेऊन गेल्या आणि माझ्यादेखत सगळे अळू कापले. शालू भिंतीआड रडत होती, ते सर्वांना ऐकू येत होते आणि सर्वजण ऐकू येत नसल्यासारखे बसले होते.

अळू शिजले, ताटे वाढली. मग कस्तुराबाईंनी नवऱ्याच्या चिखलाकडे पाहून विचारले, "धन गावलं का?"

"गप."

"गप कशाला? बाईनं तोंड मिटून ठिवलं आसतं, तर तुमी सुपारी फोडून मोकळं झालं आसता आनि माती उकरत बसला आसता. आपल्या घरात खरं बोलनारं मानूस एकबी न्हाई. एक आनू की."

महिपतराव ताटातल्या फदफद्याकडे वळले. मग त्यांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. मग डावा हात पुढे करून म्हणाले, "अडकित्ता कुटं ठिवला?"

"आधी जेवा," झुंबरबाई म्हणाल्या. "उष्ट्या हातानं फोडतात व्हय?"

सुपारी फुटली. पेस्तनजींनी महिपतरावांची साक्ष नोंदवायला साफ नकार दिला. सोने शोधणाऱ्या माणसाला लाल काय, पिवळे काय, सगळे दिसते, असे ते म्हणाले. कापलेल्या अळूत पक्षी पुन्हा आला नाही आणि माझे नाव आजवर कोठे छापले गेले नाही.

लग्न तळेगावला झाले. मांडवात महिपतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या पाखराची हकिकत सांगत होते. दुपारपर्यंत ते कोंबडीएवढे झाले होते. मला पाहताच त्यांनी हाताला धरून मधोमध उभे केले आणि मोठ्याने ओळख करून दिली, "हे साहेब. सकाळधरनं पालथे पडल्याले. ह्यांना दिसलं न्हाई."

पंगतीला वाढत असलेल्या झुंबरबाई थांबल्या. मला वाटले, आता तरी या माझ्या बाजूने बोलतील. मी तो पक्षी आधी पाहिला होता, हे त्यांना ठाऊक होते.

"ह्यांनी पाहिलं आसं हे म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "मी काय बगाया न्हवते." आणि माझ्या पानात लाडू वाढून पुढे गेल्या.