बाजूला सरकणाऱ्या गाड्या

“डॉक्टर काय, सगळ्यांनाच गाडी चालवायला नाही म्हणतात. त्यांना नाही म्हणायचाच पगार मिळतो.”

“बाबा, तुम्हाला डाव्या बाजूचं दिसत नाही.”

“मला दिसतं. दिसत नाही ते तुझ्या नवऱ्याला. डोळ्यांसमोरचा टॉवेल सापडत नाही त्याला, तरी तो गाडी चालवतो. आणि उभा जन्म बस चालवलेल्या माणसानं शेजारी बसून रेडिओची बटणं फिरवायची?”

“चिमणीला घेऊन आत्यांच्या गावी एवढ्या लांब कशाला पण?”

“नात माझी, बहीण माझी. जाताना वाटेतला खड्डा न् खड्डा ओळखीचा. उद्या सकाळी निघणार, विषय संपला.” सासऱ्यांनी टेबलाला लावलेल्या गेमच्या स्टिअरिंगवर थाप मारली. “आणि पुरावा हवाय ना, तर हा घे. एक तरी ओरखडा आलाय का माझ्या बसला इतक्या दिवसांत? सांग. तूच लावून देतेस ना सगळं?”

सून गप्प झाली. एरवी या घरात तिला गप्प करणं कुणाला जमत नसे.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. मागच्या खोलीत बसून फ्रेमच्या मापानं काचा घासायच्या आणि बसवायच्या. सगळी इमारत तिला चष्मेवाली म्हणे. हात नेटका, जीभ त्याहून धारदार. गेम्सचा नाद कॉलेजपासूनचा, लग्नानंतरही सुटला नाही. त्यातही खेळण्यापेक्षा तिला गोडी मॉड्सची. मॉड म्हणजे मूळ गेमला जोडायचा तुकडा, कुणीतरी हौसेनं बनवून फुकट वाटलेला. कुणी नवा रस्ता बनवतं, कुणी धुकं, कुणी जुन्या बसचा खरखरता गिअर. असे ढीगभर तुकडे जमले की एकमेकांच्या पायात पाय घालतात, म्हणून मॉड मॅनेजर. त्यात सगळ्यांची यादी असते, प्रत्येकापुढे एक चौकोन. टिचकी मारली की तुकडा चालू, पुन्हा मारली की बंद. दोघांचं भांडण लागलं तर यादीत जो खाली, त्याचं खरं. “आपल्या घरासारखंच,” ती नवऱ्याला म्हणायची, “शेवटी बोलतं त्याचं चालतं.”

आजारपणात डावीकडची नजर गेली आणि सासरे खुर्चीत बसून राहू लागले, तेव्हा हा बसचा गेम तिनंच आणला. त्यांच्या जुन्या बसचं मॉड शोधलं, हॉर्न शोधला, अगदी कटकट करणारे प्रवासीही शोधले. म्हातारा हरखला. पण पहिल्याच डाव्या वळणावर बस उभ्या टेम्पोवर गेली. दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्यांदा त्यांनी स्टिअरिंग ढकललं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चष्मेवालीनं नेटवरून आणखी एक मॉड उतरवून घेतलं. नवशिक्या मुलांसाठी कुणीतरी बनवलेलं. बस जवळ आली की समोरची गाडी अलगद बाजूला सरकते, टक्कर होतच नाही. यादीत तिनं ते सगळ्यात खाली ठेवलं, म्हणजे रहदारीच्या बाकी सगळ्या मॉड्सवर त्याचाच हुकूम चालेल.

म्हातारा जेवू लागला. विनोद करू लागला. येईल त्याला सांगू लागला, “सूनबाईनं मला पुन्हा गाडीवर बसवलं.” ते ऐकायला तिला फार आवडायचं. तिथंच घात झाला. एक-दोन दिवसांत काढून टाकू म्हणत म्हणत ते मॉड तसंच राहिलं. मग दुकानात एखादं गिऱ्हाईक नवा चष्मा लावून म्हणे, “आता कसं सगळं खरं दिसतंय,” आणि ही मान खाली घालून पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागे. खाई त्याला खवखवे.

“बोल की,” सासरे म्हणाले. “आता का दातखीळ बसली?”

“बाबा, तो पुरावा खोटा आहे.”

“म्हणजे?”

“तुम्ही चुकवत नव्हता. त्या गाड्याच बाजूला व्हायच्या. मी तसं मॉड लावलं होतं.”

सासरे हसले. “काहीतरीच. उद्या जाऊ नये म्हणून थापा मारतेस.”

“थापा इतके दिवस मारल्या.”

तिनं मॉड मॅनेजर उघडला, यादीच्या तळाशी गेली आणि त्या एका चौकोनावर टिचकी मारली. गेम सुरू करून ती उठून उभी राहिली. “बसा. तोच रस्ता आहे.”

ते बसले. बाह्या मागे सारल्या, आरसे नीट केले. खरे आरसे असावेत तसे, एकेक करून. बस थांब्यावरून निघाली. सरळ रस्त्यावर ते सुरेख चालवत होते. वळण आलं. त्यांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं. कडेला पांढरी व्हॅन उभी होती, तिला इथून स्वच्छ दिसत होती. “बाबा,” ती म्हणाली, तोवर काच तडकल्याचा आवाज आला. प्रवासी ओरडू लागले.

“ही कुठून आली?”

“ती तिथंच होती.”

ते पडद्याकडे बघत राहिले. मग मान पूर्ण डावीकडे वळवून व्हॅन बघितली, आणि पुन्हा समोर बघितलं.

“काल ती सरकली असती?”

“हो.”

“आणि मी तुझ्या नवऱ्याला सांगत होतो, या गेममधली माणसं किती शिस्तीची, म्हाताऱ्याला वाट देतात.”

तिला हसू आलं आणि त्याची लाजही वाटली. “मला वाटलं, तुम्ही जेवाल. तेवढंच वाटलं होतं. नंतर तुम्ही कौतुक करायला लागलात, मग जीभ रेटेना.”

“आणि मी चिमणीला मागे बसवून निघालो असतो तर?”

“म्हणून तर सांगितलं.”

“आज सांगितलंस. उद्या निघायचं होतं.”

पडद्यावर एक प्रवासी अजून तक्रार करत होता. सासऱ्यांनी आवाज बंद केला.

“चिमणीला सांग, एसटीनं जाऊ. खिडकीची जागा तिला.”

“बरं.”

ते खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. ती आधाराला पुढे झाली. त्यांनी तिचा हात बाजूला केला, हळूच, पण केला.

“बाबा, गेम काढून टाकू? की ते मॉड परत लावू? तुम्ही म्हणाल तसं करते. आता तुम्हाला माहीत असेल, म्हणजे फसवणूक नाही होणार.”

सासऱ्यांनी डावा हात पुढे करून दाराची चौकट चाचपली आणि ते खोलीबाहेर निघून गेले.