आप्पांनी न दिलेला निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, ते त्या सिनेमामुळं.

भिशीच्या मैत्रिणींनी ओढून नेलं. साठी उलटलेला विधुर, साठी उलटलेली विधवा, हिरवेगार डोंगर, मागं बासरी. सुरुवातीलाच शेवट कळला. दोघं एकमेकांकडं बघून हसतात, की झालं प्रेम! बोलतात काय, तर काहीच नाही. कुणाचा गुडघा दुखत नाही, कुणाची कवळी निघत नाही. विधुराची मुलगी थोडा वेळ फुरंगटते, मग रडत रडत स्वतःच त्या बाईच्या हातात हार देते. थिएटरात टाळ्या. मला शिसारी आली. इतकं खोटं कसं दाखवतात?

पण शिसारी — नुसती सिनेमाचीच होती का?

आई गेल्यावर आप्पा, माझे वडील, आमच्याकडं सोलापुरात राहायला आले. गुडघ्यामुळं घराबाहेर पडणं बंदच. मागच्या गल्लीत सुशीलाबाई एकट्या राहायच्या, निवृत्त नर्स. दुपारी यायच्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. आईशी आप्पा कधी चार शब्द धड बोलले नव्हते. या बाईंसमोर हसून हसून त्यांना ठसका लागायचा. एकदा मी ऑफिसातून लवकर आले, तर आप्पा धोतर वर सारून बसलेले आणि बाई त्यांच्या सुजलेल्या गुडघ्याला मलम चोळत होत्या. दोघं हसत होते. एवढंच. मला किळस आली — ती म्हातारी कातडी, ते हसू, सगळ्याचीच.

त्याच आठवड्यात आप्पा म्हणाले, "आमी दोघं लग्न करावं म्हणतोय. तुला चालंल न्हवं?"

मी "बघू" म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सुशीलाबाईंच्या दारात जाऊन सांगितलं, "आप्पांना आता हे नको वाटतंय. तुम्हाला तोंडावर सांगायला अवघड जातंय त्यांना. येत जाऊ नका." त्या पदरानं हात पुसत राहिल्या. काही दिवसांतच भावाकडं, केम गावाला निघून गेल्या. आप्पांना मी सांगितलं, बाईंचाच विचार बदलला. आप्पांच्या मोबाइलमधला त्यांचा नंबरही मीच काढून टाकला.

आप्पा भांडले नाहीत. दुपारी फाटक वाजलं की विचारायचे, "कोण आलंय गं?" दूधवाला, कुरिअरवाला — मी सांगायची. ते कूस बदलायचे. जाईपर्यंत हेच. खरं सांगायला एकदाही तोंड उघडलं मी? नाही. उलट घराची अब्रू राखली, असंच वाटायचं.

आप्पांच्या दहाव्याला सुशीलाबाई आल्या. दारातच थांबल्या. "त्येंनी नको म्हनलं हुतं, तरी आले गं. राग धरू नकोस."

सांगायचं होतं, तर तेव्हाच. मी त्यांना चहा विचारला.

सिनेमा सुटल्यावर एका मैत्रिणीनं विचारलं, "तुझ्या वडिलांनी असं काही ठरवलं असतं तर गं?"

"मी पुढं होऊन लग्न लावलं असतं की," मी म्हणाले. किती सहज म्हणाले!

सुशीलाबाई अजून आहेत, केमलाच. आप्पांनी आपल्याला नको म्हटलं, असंच समजून आहेत. रेल्वेनं गेलं तर फार वेळ लागत नाही. मी गेलेले नाही.